समुद्रातली पवनचक्की: रोवायची, ठोकायची की नांगरायची?

प्रश्न
समुद्रात पवनचक्क्या कशा उभ्या करतात यावर मराठीत लेख लिहितो आहे. मोनोपाइलला 'एकस्तंभी पाया' म्हटलं आणि बाकी सगळीकडे 'स्थापना करणे' वापरलं. पण स्थापना म्हटलं की डोळ्यांपुढे गणपतीच येतो. दुसरं क्रियापद सुचवाल का?

प्रतिसाद १
एकच शब्द शोधू नका. पद्धत बदलली की मराठीत क्रियापदही बदलतं.

मोनोपाइल म्हणजे पोलादाची जाड, पोकळ नळी. ती मोठ्या हातोड्याने तळात घालतात, म्हणजे 'ठोकतात'. 'रोवणे' मी टाळेन. खांब रोवायचा म्हणजे आधी खड्डा आणि मग भोवती माती दाबणं, असं माझ्या कानाला वाटतं. नावासाठी 'खुंट' घ्या. आपल्या कोळी लोकांचं डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत टिकतं ते तळात ठोकलेल्या खुंटांवर. काम तेच, आकार प्रचंड. 'एकस्तंभी' ऐकलं की मला तर देवळाचा मंडप आठवतो.

प्रतिसाद २
खुंट पटला, पण सगळ्याच चक्क्या खुंटावर नसतात. डेन्मार्कमधलं विंडेबी हे जगातलं पहिलं सागरी पवनक्षेत्र. १९९१ साली तिथल्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या त्या काँक्रीटच्या जड बैठकांवर. त्या ठोकल्या नव्हत्या, नुसत्या तळावर 'टेकवल्या' होत्या आणि स्वतःच्या वजनाने जागच्या जागी राहिल्या.

प्रश्नकर्ता
आणि जॅक-अप जहाज? ते पाय तळाला टेकवून आपलं धूड लाटांच्या वर उचलतं, म्हणजे क्रेन डुलत नाही. 'पायउतार जहाज' लिहू का?

प्रतिसाद १
नको! पायउतार मंत्री होतात. जॅक-अपच राहू द्या. मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये ज्या 'सागर सम्राट'ने शोधलं तोही जॅक-अप रिगच होता. शब्द आपल्याकडे पन्नास वर्षं रुळलेला आहे.

तरत्या चक्क्यांसाठी मात्र मराठीत नेमका शब्द आहे: 'नांगरणे'. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ २०१७ साली 'हायविंड'च्या पाच चक्क्या सुरू झाल्या, प्रत्येकी ६ मेगावॉटच्या. नॉर्वेतल्या खोल, शांत पाण्यात त्या जोडल्या, उभ्याच्या उभ्या ओढत नेल्या आणि प्रत्येकीला तीन साखळ्यांनी नांगरलं. ते नांगरही वेगळेच. तळ बंद असलेली बादली उपडी घातल्यासारखे. आतलं पाणी पंपाने उपसलं की बाहेरच्या दाबाने ते गाळात खाली जातात. इथे ठोकणं नाही, 'रुतवणं' आहे.

प्रश्नकर्ता
म्हणजे खुंट ठोकला, बैठक टेकवली, नांगर रुतवला आणि चक्की नांगरली. चारही घेतो. फक्त 'चक्की' खटकते, ती काही दळत नाही.

प्रतिसाद २
साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर तरी कुठे दळतात? तिथेही लोक पवनचक्कीच म्हणतात. बदलू नका.