‘कॉपीकॅट’ मुलगी असेल तर? नकल्या, नकली, शेपूट…

गोदाकाठ (नाशिक)
लहान मुलांच्या एका कार्टूनचं मराठी डबिंग चालू आहे आणि गाडी एका शब्दावर अडली आहे. 11 मिनिटांचा भाग. मुंगसाची धाकटी मुलगी मोठ्या भावासारखं सगळं करते. तसाच गळ्यात रुमाल, तशीच ओढ्यावरून उडी, उडीआधीची आरोळीही त्याचीच. शेजारचा ससा तिला चार वेळा चिडवतो, ‘कॉपीकॅट!’ शेवटी तीच छाती पुढे काढून तो शब्द स्वतःला लावून घेते. म्हणजे पहिल्या मिनिटाला टोमणा वाटेल आणि दहाव्या मिनिटाला बिरूद वाटेल असा एकच शब्द हवा.

‘नक्कल्या’ ठरवला होता. पण पात्र मुलगी. थापाड्या-थापाडी, बडबड्या-बडबडी, त्या चालीने ‘नकली’ होतं! ससा तिला खोटी म्हणतोय असंच ऐकू येतं.

तांत्रिक बाजू: चारपैकी दोनदा सशाचं तोंड जवळून दिसतं. शब्दाला 20 फ्रेम आहेत, सेकंदाला 25 धरून 0.8 सेकंद. ओठ एकदाच मिटतात, मधल्या ‘पी’ला. सुचवा.

जुनी पेठ
‘कॉपीकॅट’च ठेवा. शाळेतल्या मुलांना कळतं. ओठही आपोआप जुळतात, वेगळी कसरत नको.

मखमलाबादकर
कळतं, पण भलतंच कळतं. मराठी शाळेत ‘कॉपी’ म्हणजे परीक्षेतली चोरी. ‘कॉपीमुक्त अभियान’ याच अर्थाचं, वर्तमानपत्रातला ‘कॉपीबहाद्दर’ही त्याच अर्थाचा. पाच वर्षांच्या मुलाला वाटेल की ही बहीण भावाची उत्तरं चोरते.

शिवाय इंग्रजीतल्या मांजराचं आपल्याकडे काही काम नाही. आपलं मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याच्या गळ्यात घंटा बांधायची असते. ते कोणाचं अनुकरण करत नाही. ते काम आपल्याकडे माकडाकडे आणि पोपटाकडे आहे, आणि दोघांनाही मान नाही. ‘पोपट’ म्हणाल तर अर्थ न कळता घोकणारा. वर हल्ली ‘पोपट झाला’ म्हणजे फजिती.

कित्तेवाला
आधी शुद्धलेखन. ‘नक्कल’ बरोबर, पण ‘नक्कल्या’ नाही, ‘नकल्या’. तीन अक्षरी शब्दात मधल्या क किंवा प चं द्वित्त असेल तर सामान्यरूपात ते जातं: रक्कम-रकमेचा, छप्पर-छपराला, दुप्पट-दुपटीने. तसंच नक्कल-नकलेचा.

आता शब्दाबद्दल. ‘नक्कल’ला इतक्या सहज बाजूला करू नका. अरबी ‘नक़्ल’ म्हणजे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणं. तलाठ्याकडची सातबाऱ्याची नक्कल खोटी नसते. सही-शिक्का असलेली नक्कल मूळ कागदाइतकीच चालते. रंगमंचावर मात्र तीच नक्कल हसवायला असते. टोमणाही आणि खरेपणाही, दोन्ही या शब्दाच्या पोटात आहेत, आणि गोदाकाठ यांना नेमकं तेच हवंय. वाकडं होतं ते फक्त स्त्रीलिंगी रूप. मग माणसाचं नाम न करता ‘नक्कल!’ एवढंच ओरडू द्या. ‘दादाची नक्कल!’ लिंगाचा प्रश्नच मिटतो.

गोदाकाठ (नाशिक)
‘नक्कल’मध्ये ओठ मिटतच नाहीत. जवळच्या दृश्यात प, फ, ब, भ, म यांपैकी काही नसेल तर मुलांनाही कळतं की आवाज दुसऱ्याचा आहे. दूरच्या दोन दृश्यांत ‘दादाची नक्कल’ बसेल. पण शब्द चारही वेळा तोच हवा, नाहीतर शेवटी ती कोणता शब्द उचलणार?

भगूरकर
नक्कल अरबी, कित्ता अरबी, कॉपी इंग्रजी. मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडणारे शब्द तरी आपले असावेत. सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ रूढ केले तेव्हाही हे चालणार नाही असंच लोक म्हणाले होते. आज ‘दिग्दर्शक’ म्हणताना कोणी अडखळत नाही. ‘अनुकारिणी’ घ्या. अर्थ चोख आहे, आणि ‘अनु’मध्ये मागून जाण्याचा आदरही आहे: अनुयायी, अनुगामी.

कित्तेवाला
अ-नु-का-रि-णी, पाच अक्षरं. लहान मुलाच्या आवाजात स्पष्ट ऐकू यायचं तर सेकंदाला चार-पाच अक्षरांच्या वर जाता येत नाही. 0.8 सेकंदात कोंबलं तर ‘अनकाणी’ ऐकू येईल. आणि सशाचं पोर चिडवताना संस्कृत शब्द उच्चारणार नाही. चिडवण्याचा शब्द दोन-चार अक्षरांचा आणि शेवटी आपटणारा हवा: ढब्बू, रडव्या, बावळट.

शुद्धीचं म्हणाल तर शाई, कागद आणि दौत हे तिन्ही शब्द बाहेरूनच आलेले आहेत. माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश 1925 साली निघाला, त्यात असे शब्द पानोपानी सापडतात. ज्या शब्दांनी मराठी मूल लिहायला शिकलं ते परके कसे?

भगूरकर
रुळले म्हणून आपले झाले, हे मान्य. पण हाताशी आपला शब्द असताना परका का? ‘अनुकारिणी’ लांब वाटत असेल तर ‘सोंग’ घ्या. ‘स्वांग’पासून आलेला, दोन अक्षरांचा, नपुंसकलिंगी, म्हणजे मुलगा-मुलगी भेद नाही.

पेठ-सुरगाणा
‘सोंग’ला क्रियापद कोणतं लागतं त्यावर अर्थ फिरतो. ‘सोंग करतेय’ म्हणजे पोट दुखत नसताना दुखतंय म्हणणं. ‘सोंग आणणं’ म्हणजे आव आणणं; पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ते हेच. ‘सोंग घेणं’ आणि ‘सोंग नाचवणं’ मात्र पूर्ण वेगळं.

आमच्या भागातल्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, गणपती, रावण, नरसिंह यांची सोंगं निघतात. मुखवटा चढला, संबळ वाजला, टेंभे पेटले की तो माणूस देवाची नक्कल करत नसतो. मुखवटा चेहऱ्यावर असेपर्यंत लोक त्याला हात जोडतात. गळ्यात दादाचा रुमाल बांधणाऱ्या मुलीला हा अर्थ फार जवळचा आहे. पण शहरातला ससा ‘सोंग!’ ओरडला की ऐकणाऱ्याला ‘नाटकी’ एवढंच कळणार. आणि ओठ इथेही मिटत नाहीत.

सिन्नरची सई
शेपूट!

‘आईचं शेपूट’, ‘ताईचं शेपूट’ घराघरात म्हणतात. नपुंसकलिंगी आहे. कॉ-पी-कॅट आणि शे-पूट: प मध्ये, ट शेवटी. ओठ मिटतात तिथेच मिटतील. ‘शे’ थोडा लांबवला तर 20 फ्रेम नीट भरतात. आणि शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणू शकते, ‘हो! मी दादाचं शेपूट!’

गोदाकाठ (नाशिक)
सई ताई, ओठांना इतका नेमका बसणारा शब्द आतापर्यंत आला नव्हता. पण पात्र मुंगूस आहे, तिला खरंच झुपकेदार शेपूट आहे. ससा ‘शेपूट!’ ओरडला तर मुलं तिच्या शेपटीकडे बघतील, तिला काही लागलंय का म्हणून. पडद्यावर दिसणारी वस्तू आणि शिवी एकच असली की शिवी हरवते.

सिन्नरची सई
म्हणून नुसतं ‘शेपूट’ नाही, पहिल्यांदा ‘दादाचं शेपूट’. पहिली हाक दूरच्या दृश्यात असेल तर पूर्ण म्हणा. मुलांना एकदा संबंध कळला की पुढच्या तीन हाका नुसत्या ‘शेपूट’ चालतील. आणि शेवटी तिने खरी शेपटी उडवली तर चित्रच शब्दाला साथ देईल.

मखमलाबादकर
पण शेपूट मागे मागे फिरतं, तसंच करत नाही. आईचं शेपूट असलेलं मूल पदर धरून असतं, आईसारखं वागत नाही. इथे तर सगळा मुद्दा तसंच करण्याचा आहे.

आणि तसंच करण्याचेही प्रकार आहेत. बोललेलं जसंच्या तसं परत बोलून चिडवणं म्हणजे ‘वेडावणं’. वेश आणि ढब घेणं म्हणजे ‘सोंग घेणं’. शिकण्यासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं म्हणजे ‘गिरवणं’. 2018 पासूनच्या ‘ब्लूई’ या ऑस्ट्रेलियन मालिकेत ‘कॉपीकॅट’ नावाचाच भाग आहे. कुत्र्याचं पिल्लू सकाळपासून बाबांचं बोलणं-चालणं परत करतं, ते वेडावणं. वाटेत त्यांना जखमी पक्षी सापडतो, डॉक्टरांकडे नेऊनही मरतो. घरी आल्यावर ते पिल्लू तोच प्रसंग खेळून बघतं, ते गिरवणं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरला. मराठीत एकच वापरला तर अर्धा भाग गळतो.

मुलं अशीच उचलतात हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांच्या 1961 च्या प्रयोगापासून माहीत आहे. 72 मुलांपैकी ज्यांना बाहुल्याला मारणारा मोठा माणूस दाखवला, त्यांच्यातल्या अनेकांनी मार उचललाच, शिवाय मारताना तो बोलला ते शब्दही उचलले. 1963 मध्ये त्यांनी हेच फिल्मवर दाखवलं, आणि त्यातल्या एका फिल्ममधलं पात्र कार्टूनमधल्या मांजराच्या वेशात होतं. तिथेही मुलांनी उचललं.

कित्तेवाला
‘गिरवणं’ आलंच आहे तर नीट सांगतो. कित्ता म्हणजे वळणदार अक्षराचा नमुना. अरबीत मूळ अर्थ तुकडा. फारसी सुलेखनातही नमुन्याच्या तुकड्याला हेच नाव. पूर्वी आधी धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरं, मग बोरूने कागदावर. ‘गिरवणं’ म्हणजे त्याच अक्षरावरून पुन्हा पुन्हा हात फिरवणं. वर बघून खाली काढणं हे गिरवणं नाही, ते ‘उतरवून घेणं’. ही मुलगी भाऊ पुढे उडी मारत असताना त्याच जागेवरून, त्याच दगडावर पाय ठेवून उडी मारत असेल तर ती गिरवतेय. दुसऱ्या दिवशी एकटी मारत असेल तर उतरवतेय.

शेवटचं वाक्य मी असं लिहीन: ‘हो! मी दादाला गिरवते!’

भगूरकर
अक्षर गिरवतात, माणूस नाही. ‘दादाला गिरवते’ हे व्याकरणात बसलं तरी कानाला बसत नाही. ‘दादाचा कित्ता गिरवते’ म्हणा.

कित्तेवाला
सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ‘कित्ता गिरवते’ अग्रलेखासारखं वाटेल. चूक वाटणारं पण मुलाचं वाटणारं वाक्य मी घेईन.

जुनी पेठ
‘एकलव्य’ का नको? आदर आहे, शिकणं आहे, सगळ्यांना माहीत आहे.

पेठ-सुरगाणा
एकलव्यासमोर मातीचा पुतळा होता. पुतळा बाण मारत नाही, मग त्याने उचललं काय? तो स्वतःच्या सरावाने शिकला. नक्कल करायला समोर हलणारा माणूस लागतो. आणि शेवटी अंगठा गेला, ते ओझं या गोष्टीवर नको.

सिन्नरची सई
‘प्रति-’ लावून बघा. प्रतिपंढरपूर म्हणताना कोणी नकली पंढरपूर म्हणत नाही, भक्तीनेच म्हणतात. ‘प्रतिदादा’! सुरुवातीलाच ओठ मिटतात, तेवढी अडचण.

शब्दवेल्हाळ
‘री ओढणं’ कसं सुटलं? सशाने म्हणावं, ‘दादाची री!’ ही री म्हणजे ऋषभ स्वर. मुख्य गायक सा लावतो, मागचे री ओढतात.

कित्तेवाला
ऋषभ नव्हे. मागच्यांनी सा सोडून री लावला तर बेसूर होईल, साथ होणार नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी शेवटचा स्वर धरून ‘जी जी’ म्हणत लांबवतात, ते ओढणं. री ही त्या लांबवलेल्या सुराची.

शब्दवेल्हाळ
मग अक्षर ‘री’च का? झीलकरी ‘जी’ म्हणतात, तर ‘जी ओढणं’ व्हायला हवं होतं.

पेठ-सुरगाणा
सगळे ‘जी’च म्हणत नाहीत. काही गाण्यांत ‘रं’ आणि ‘गं’ लांबवतात.

शब्दवेल्हाळ
‘रं’ची ‘री’ कशी होईल? स्वर बदलण्याचं कारण सांगा.

जुनी पेठ
मध्येच विचारतो. वेडावण्यावरून आठवलं, ‘वाकुल्या दाखवणं’ नेहमी अनेकवचनीच का? एकच वाकुली दाखवली तर काय म्हणायचं?

सिन्नरची सई
‘वाकुली दाखवली’ही म्हणतात. पण मूल एकदा दाखवून थांबत नाही, म्हणून अनेकवचन जास्त कानावर येतं. ‘खोडी काढली’ आणि ‘खोड्या काढतो’ यांत असतो तोच फरक.