घरी परतलेला फौजी: तुमच्या घरातले अनुभव लिहा

आमचे अण्णा १९८७ ला श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होते, जाफन्याला. ऑक्टोबरात तिथं लढाई पेटली तेव्हा मी आईच्या पोटात. ३७ व्या वर्षी पेन्शन आले आणि मग साताऱ्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन १८ वर्षं उभे राहिले, एक खाडा नाही. पण रस्त्याच्या कडेने ते कधी चालत नाहीत, कायम डांबराच्या मधोमध, मागून एसटी हॉर्न मारतेय तरी. मैत्रिणी हसायच्या, मला लाज वाटायची. तिकडे उकरलेल्या मातीखाली सुरुंग असायचे हे मला लग्नानंतर कळलं, तेही आईकडून. बाराशेच्या आसपास जवान गेले तिथं. कारगिल सगळ्यांना माहितीय, शांतिसेना म्हटलं की लोक विचारतात ती कुठली, याचा फार त्रास होतो. तुमच्याकडे असं कोणी असेल तर लिहा ना.

---

आमचे हे तोफखान्यात, ९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासला, बोफोर्स तोफेवर. उजवा कान गेला तो गेलाच, वर आत सारखी शिट्टी वाजते म्हणतात. पेन्शन आल्यावर सरकारी नोकरीची तयारी सुरू केली, राज्य सरकारच्या क आणि ड गटात माजी सैनिकांना १५ टक्के जागा असतात पण परीक्षा तर द्यावीच लागते, आणि शाळा सुटून २० वर्षं झालेल्या माणसापुढे काळ-काम-वेगाची गणितं. मुलगा तेव्हा सातवीत, तोच शिकवायचा. हे इतक्या मोठ्याने बोलायचे की पोरगं रडायला लागायचं. रागावलेले नसायचे हो, स्वतःचा आवाजच कळत नाही त्यांना. मग पोराने डाव्या बाजूला बसून वहीवर लिहून दाखवायला सुरुवात केली. ती वही मी जपून ठेवलीय. एका पानावर गणिताखाली ह्यांच्या अक्षरात आहे, "आज आवाज चढला. चूक माझी." नोकरी लागली, तिथेही आवाजावरून साहेबांशी वाजलं, दोनदा बदली झाली. पण टिकले.

---

ताई, मी एरवी फक्त वाचतो. राष्ट्रीय रायफल्समध्ये होतो, काश्मीरात कुपवाड्याला. झोप तिथेच गेली, पण सर्व्हिसमध्ये सांगितलं नाही कारण एकदा आजाराची मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशन अडकतं. घरी आलो, सिक्युरिटीची नाईट धरली म्हणजे जागं राहायला कारण मिळालं, आणि कँटीनचा दारूचा कोटा महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच संपायला लागला. बायकोने खूप सोसलं. एक दिवस मुलीने विचारलं, पप्पा झोपेत तुम्ही कुणाला हाक मारता, आणि नाव सांगितलं. ते नाव मी घरात कधी काढलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी १४४१६ ला फोन लावला, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. २०२३ च्या डिसेंबरात पुण्यात एएफएमसीला, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजला, फौजींसाठी त्यांचा वेगळा कक्षपण सुरू झाला. मग ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर डॉक्टर केला, गोळ्या चालू आहेत, चार-पाच तास झोप लागते. लाज बाळगून मी ९ वर्षं घालवली, तुम्ही कोणी घालवू नका.

अण्णांना माझा जयहिंद सांगा.

---

दादा, काल संध्याकाळी सांगितला. खुर्चीत बसले होते, उभे राहिले. विचारतायत, पलटण कुठली?