डिस्चार्ज कार्डावर भागणार नाही

प्रसूतीच्या वेळी हॉस्पिटलच्या चुकीने बाळाला इजा झाली असं वाटत असेल, तर 'डिस्चार्ज कार्ड आहे, तेवढ्यावर तक्रार होईल' असं काही जण म्हणतात; ते मत पटत नाही. कार्डावर ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध) दिल्याची नोंद असली तरी ड्रिपचा वेग कधी वाढवला आणि तेव्हा बाळाचे ठोके किती होते, हे नसतं. चूक झाली असेल तर ती तिथेच सापडते. म्हणून औषधांचा तक्ता, नर्सच्या नोंदी, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकली याचा तक्ता), सीटीजीची पट्टी (बाळाचे ठोके आणि कळा यांचा आलेख) आणि बाळाचे एनआयसीयूचे, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाचे, कागद असं सगळं नावानिशी लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. सीटीजीचा थर्मल कागद कालांतराने फिका पडतो, लगेच झेरॉक्स काढा. ग्राहक आयोगाची मुदत साधारण दोन वर्षांची. बाळाच्या वाढीतला दोष उशिरा कळू शकतो, पण कागद मागायला तोवर थांबू नका.