इंग्लंडच्या उद्यानांतलं क्रिकेट: कपातीने मारलं की बोर्डाने?

गुगली (प्रश्न):
ब्रिटनमधल्या खर्चकपातीचा विषय निघाला की ग्रंथालयं, युवा केंद्रं, बसमार्ग यांची नावं येतात, क्रिकेटचं क्वचितच. पण तिथल्या शहरांत शनिवार-रविवारचं कितीतरी क्रिकेट, विशेषतः दक्षिण आशियाई संघांचं, कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, उद्यानांत चालतं. मोसमाचं भाडं भरायचं आणि कौन्सिलच्या माणसाने तयार केलेल्या खेळपट्टीवर खेळायचं. यातल्या बऱ्याच जागी आता नुसतं गवत आहे. एका स्क्वेअरची, म्हणजे मैदानाच्या मधोमध असलेल्या खेळपट्ट्यांच्या चौकोनाची, निगा अंदाजपत्रकात शोधूनही सापडू नये इतकी किरकोळ. मग कुऱ्हाड तिथेच का पडते? दोष २०१० ते २०१६ चे अर्थमंत्री ऑस्बोर्न यांचा, आत्ताच्या लेबर सरकारचा, की क्रिकेट बोर्डाचा? आणि कौन्सिल ‘मैदान तुम्हीच चालवा’ म्हणाली तर क्लबने काय बघून घ्यावं?

हिशेबनीस:
कौन्सिलची कामं दोन प्रकारची: कायद्याने करावीच लागणारी आणि ऐच्छिक. वृद्धांची-अपंगांची देखभाल, धोक्यात असलेल्या मुलांचं संरक्षण, बेघर कुटुंबांना तात्पुरतं घर, ही पहिल्या प्रकारात. उद्यानं दुसऱ्यात. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे २०१०-११ ते २०१७-१८ या काळात केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारा पैसा, महागाई वजा जाता, ४९.१ टक्क्यांनी घटला. कौन्सिल कर धरला तरी खर्चाची ताकद २८.६ टक्क्यांनी उतरली. त्याच वर्षांत वृद्धांची संख्या वाढत होती. सक्तीचा खर्च फुगत गेला आणि सगळी काटछाट उरलेल्या लहान तुकड्यातून झाली. स्क्वेअर त्या तुकड्यात बसतो.

कर वाढवावा तर ती दोरीही केंद्राच्या हातात. वृद्ध-अपंगांची सामाजिक देखभाल सांभाळणाऱ्या कौन्सिलला २०२३-२४ पासून वर्षाला ५ टक्क्यांपर्यंत कर वाढवता येतो. त्यातले २ टक्के देखभालीसाठीच राखीव. त्यापुढे जायचं तर सार्वमत किंवा सरकारची खास परवानगी. हा कर ज्यावर ठरतो ती इंग्लंडमधल्या घरांची प्रतवारी तर आजही एप्रिल १९९१ च्या किमतींवर आहे. जमाखर्चाचा मेळ घालणं कायद्याने बंधनकारक, आणि तो बसेना की मुख्य वित्त अधिकारी १९८८ च्या कायद्याखाली ‘सेक्शन ११४’ची नोटीस काढतो. मग अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. बर्मिंगहॅमने, म्हणजे एजबॅस्टनच्या शहराने, ती सप्टेंबर २०२३ मध्ये काढली. समान वेतनाच्या दाव्यांचं देणं हे तिथलं मोठं कारण होतं, त्यामुळे सगळं खापर लंडनवर फोडता येत नाही. पुढच्या वर्षी तिथे कर जवळपास १० टक्क्यांनी वाढला आणि सेवाही कापल्या गेल्या, म्हणजे लोकांनी जास्त भरून कमी मिळवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये नॉटिंगहॅमची पाळी आली. (ट्रेंट ब्रिजचं कसोटी मैदान मात्र त्या कौन्सिलच्या हद्दीत नाही, ते शेजारच्या रशक्लिफमध्ये येतं.)

माझं मत विचाराल तर २०१० मध्ये तूट मोठी होती हे मान्य, पण ती भरून काढताना ऑस्बोर्न यांनी करांपेक्षा कपातीवर फार जास्त भार टाकला आणि त्यातला मोठा वाटा कौन्सिलांच्या माथी मारला. निर्णय लंडनचा, लोकांचा राग मात्र स्थानिक नगरसेवकावर, ही रचनाच मला अन्यायाची वाटते. आणि सामाजिक देखभालीच्या खर्चाचा प्रश्न सोडवायचं धाडस त्यानंतर एकाही पक्षाने केलेलं नाही.

रोलर:
पैशांइतकंच मातीचंही बोलू या, कारण स्क्वेअर कसा मरतो हे कळलं की ‘या वर्षी थांबवू, पुढे बघू’ हे वाक्य किती महाग पडतं ते लक्षात येतं. स्टंपपासून स्टंपपर्यंत २०.१२ मीटर आणि रुंदी ३.०५ मीटर, अशा पट्ट्या शेजारी-शेजारी आखलेल्या असतात. खाली चिकणमातीचं प्रमाण २५ ते ३० टक्के असलेली खास माती. खरं काम सप्टेंबरअखेर, शेवटचा सामना झाल्यावर. गवत अगदी बारीक कापायचं, स्कॅरिफायरने उभ्या-आडव्या खाचा पाडून कुजलेल्या गवताचा थर उपसून काढायचा, जमिनीला ७५ ते १०० मिलिमीटर खोल भोकं पाडायची, चौरस मीटरला ३५ ते ५० ग्रॅम रायग्रास गवताचं बी पेरायचं आणि वरून प्रत्येक पट्टीला २५ किलोच्या चार-सहा पोती माती पसरायची. मार्चमध्ये जमीन ओलसर असताना हलक्या वजनाने सुरुवात करून रोलर, हळूहळू वजन वाढवत. ओल जास्त असताना जड रोलर फिरवलात तर वरचा थर पुढे सरकतो, मुळं तुटतात. सामन्यासाठीची पट्टी त्याच्या १०-१२ दिवस आधी हातात घ्यावी लागते.

कपातीत आधी शरद ऋतूतलं काम जातं, कारण ते कोणाला दिसत नाही. मग स्क्वेअरवरून बाहेरच्या मैदानाचंच मोठं यंत्र फिरतं, कापलेलं गवत तिथेच पडतं. दोन हिवाळ्यांत स्पंजासारखा थर तयार होतो, चेंडू खाली राहतो, खेळाडू तक्रार करतात, बुकिंग घटतं, आणि घटलेलं बुकिंगच बंद करायचं कारण म्हणून कागदावर येतं. हे दुष्टचक्र मला सगळ्यात जास्त खुपतं.

आणखी एक चूक सर्रास होते: ठेकेदार बदलला की मातीही बदलते. वेगळ्या जातीची माती वर टाकली तर दोन थर सुकताना वेगवेगळे आकसतात, मधे फट पडते, मुळं खाली उतरत नाहीत. सुरीने १०० मिलिमीटरचा तुकडा काढून बघा. थर बिस्किटासारखा अलग झाला तर वरवरच्या डागडुजीने काही होणार नाही.

थर्डमॅन:
हिशेबनीस यांचं गणित बरोबर आहे, पण बोर्डाला एवढ्या सहज सोडू नका. २००५ ची ॲशेस चॅनल ४ या फुकट वाहिनीवर दिसली. दुसऱ्या वर्षापासून घरच्या कसोटी सामन्यांचं थेट प्रक्षेपण स्काय या वर्गणीच्या वाहिनीवर गेलं. पैसा आला, पण ज्या घरात वर्गणी परवडत नाही तिथल्या मुलाच्या डोळ्यांसमोरून खेळ गेला. उद्यानातलं मैदान वाचवायला गर्दी लागते, ती तिथून आटत गेली. सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत पुरुषांच्या इंग्लंड संघातले ४३ टक्के खेळाडू खासगी शाळांतले निघाले. देशात तशा शाळांत शिकलेले साधारण ७ टक्के. क्रिकेटमधल्या समतेसाठी नेमलेल्या स्वतंत्र आयोगाच्या, म्हणजे ‘आयसीईसी’च्या, २०२३ च्या अहवालाने वर्गभेदाबद्दल बोर्डाला स्पष्ट सुनावलं. बोर्डाच्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेतल्या, ‘द हंड्रेड’च्या, संघांतले हिस्से २०२५ मध्ये ५० कोटी पौंडांच्या वर विकले गेले. त्यातला तळाच्या क्रिकेटचा वाटा आधी शहरांतल्या सार्वजनिक मैदानांवर खर्च व्हायला हवा, कारण स्वतःचं पॅव्हिलियन असलेल्या गावातल्या क्लबला दुसरे मार्ग असतात.

सरकारांबद्दलही बोलायलाच हवं. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गव्ह यांनी शालेय क्रीडा भागीदारीचे १६.२ कोटी पौंड थांबवायचं ठरवलं. ओरड झाल्यावर डिसेंबरमध्ये काही पैसे परत आले. पंतप्रधान सुनक क्रिकेटवेडे, पण तळाच्या क्रिकेटसाठी ३.५ कोटी पौंडांची योजना जाहीर केली एप्रिल २०२४ मध्ये, सत्तेच्या अगदी शेवटी. लेबर सरकारने ती पुढे नेली नाही; दोन आच्छादित सराव केंद्रांसाठी १५ लाख पौंड दिले. सुनक यांचा उशीर आणि लेबरची माघार, मला दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात.

हिशेबनीस:
थर्डमॅन, प्रक्षेपणाचा मुद्दा मान्य. पण फुटबॉलचं लीगही स्कायवरच आहे आणि गर्दी असूनही उद्यानांतल्या फुटबॉल मैदानांची आणि कपडे बदलायच्या खोल्यांची दशा वेगळी नाही. गर्दीने पाणी आणि वीजबिल भरलं जात नाही.

आता गुगली यांचा शेवटचा प्रश्न. कौन्सिलने क्लबला मैदान भाडेपट्ट्याने दिलं तर १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १२३ नुसार ती ‘विल्हेवाट’ धरली जाते, आणि पट्टा सात वर्षांहून लांब असेल तर सरकारी संमतीशिवाय बाजारभावापेक्षा कमी दर लावता येत नाही. जागा सार्वजनिक मोकळी जमीन असल्यास सलग दोन आठवडे स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देऊन हरकती ऐकणं कौन्सिलला भाग आहे. ही पायरी वगळली तर व्यवहार कोर्टात अडकू शकतो. पण ती संमती मिळण्याला आडकाठी नाही: समाजाचं हित साधत असेल आणि फरक २० लाख पौंडांच्या आत असेल तर सरकारने २००३ मध्ये सगळ्यांसाठी दिलेल्या सर्वसाधारण संमतीत ते बसतं. ‘नियमात नाही’ असं कोणी सांगितलं तर हे पुढे करा.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: छप्पर आणि गटार कोणाच्या अंगावर, झाडांची जबाबदारी कोणाची, आणि चेंडू शेजारच्या घरांवर गेला तर विमा कोणाचा. ‘संपूर्ण दुरुस्ती भाडेकरूची’ असं कलम असेल तर आधी पॅव्हिलियनची पाहणी करून सद्यस्थितीचा फोटोसकट अहवाल करारालाच जोडा, नाहीतर चाळीस वर्षांची हेळसांड तुमच्या खात्यावर येईल.

दरपट्टीचंही, म्हणजे घरांखेरीज इतर जागांवर लागणाऱ्या ‘व्यवसाय दरा’चंही, बघा. ‘सामुदायिक हौशी क्रीडा क्लब’ म्हणून नोंदणी केली की व्यवसाय दरात ८० टक्के सूट सक्तीने मिळते. पण जागेचं करपात्र मूल्य १२,००० पौंडांपर्यंत असेल आणि दुसरी जागा नसेल तर लहान व्यवसायाची सूट पूर्ण १०० टक्के असते, आणि नोंदणीकृत क्लबला ती घेता येत नाही. नोंदणी एकदा झाली की आपण होऊन बाहेरही पडता येत नाही. म्हणून आधी मूल्य तपासा, मगच अर्ज भरा.

रोलर:
आणि किल्ली सप्टेंबरच्या आधी हातात घ्या. एप्रिलमध्ये घेतलीत तर शरदातलं काम राहून गेलेला स्क्वेअर मिळेल आणि पहिला मोसम वाया जाईल.