मदत हवी आहे: पाइपमधून येणाऱ्या ओळींना खरी वेळ कशी लावायची?

नमस्कार मंडळी. एक प्रोग्रॅम तासन्‌तास चालतो आणि टर्मिनलवर ओळ ओळ माहिती टाकत राहतो. प्रत्येक ओळीआधी वेळ हवी, म्हणून आउटपुट पाइपने (एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीने) मोअरयुटिल्स या छोट्या कमांडच्या संचातल्या टीएस (ts) कमांडला दिलं, ती प्रत्येक ओळीआधी वेळ लावते. कमांड फार आवडली, सेकंदाचे अपूर्णांकही दाखवते. अडचण वेगळीच आहे. बराच वेळ काहीच येत नाही, मग पन्नासेक ओळी एकदम आदळतात आणि सगळ्यांवर जवळपास एकच वेळ! थेट टर्मिनलवर मात्र त्याच ओळी एकेक करून नीट येतात.

कारण बफरिंगचं, म्हणजे आउटपुट आधी मेमरीत साठवून एकदम पाठवण्याचं, आहे हे कळतंय. आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर सी भाषेची लायब्ररी ओळ संपली की लगेच पुढे पाठवत नाही, अख्खा बफर (साठवणीची जागा) भरल्यावरच पाठवते. बफरिंग बदलणारी एसटीडीबफ (stdbuf) कमांड लावून पाहिली, पण हा प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक केलेला आहे, म्हणजे लायब्ररी त्याच्या आतच बांधलेली आहे, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. सोर्स कोड हातात नाही, म्हणजे आत फ्लश (साठलेलं लगेच पाठवण्याची सूचना) घालणंही शक्य नाही.

आता उरतो अनबफर (unbuffer) कमांडचा मार्ग, म्हणजे प्रोग्रॅमपुढे खोटं टर्मिनल करायचं. पण मग रंगांचे कोड आणि ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला नेणारं अदृश्य चिन्ह) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, घुसतात. ते सेड (sed) या मजकूर बदलणाऱ्या कमांडने काढायचे, तर सेडचं स्वतःचं बफरिंग पुन्हा आडवं येणार, त्याला वेगळा पर्याय द्यावा लागेल.

याहून सुटसुटीत मार्ग कुणी वापरलाय का? शिवाय एररच्या ओळीही त्याच क्रमाने त्याच फाइलमध्ये हव्यात. नीट चालणारी पूर्ण कमांड लिहून दिलीत तर फार उपकार होतील.