समाजशास्त्राची पदवी वेळेत : पेपरांची जुळवाजुळव कशी केलीत?

लेक समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. घरात सगळ्यांचं मत एकच, ‘आर्ट्सला काय, होऊन जातं.’ पण तिच्या वरच्या वर्गातली काही मुलं कशात नापास न होताही मागे राहिली, तेव्हा माझे कान टवकारले. एकाचा तर एकच पेपर राहिलाय आणि तो वर्षातून एकदाच शिकवतात.

अभ्यास कसा करावा हे नकोय, ते ऐकवायला आम्ही घरी पुरेसे आहोत. कुठला पेपर कधी घेतलात, कशासोबत घेतलात, कुठे अडलं, कसं सुटलं, ते लिहा. देश, विद्यापीठ कुठलंही चालेल.

*

उलटी मोजणी

मी शेवटाकडून सुरुवात केली. आमच्याकडे शेवटच्या वर्षी लघुप्रबंध. त्याला संशोधनपद्धती झालेली हवी, संशोधनपद्धतीला सांख्यिकी, आणि सांख्यिकीला प्राथमिक ओळखीचा पेपर. त्यातली सांख्यिकी फक्त विषम सेमिस्टरला. म्हणजे तिसऱ्याला हुकली की थेट पाचव्याला, मग संशोधनपद्धती सहाव्याला, आणि लघुप्रबंधाला बसेपर्यंत बरोबरचे सगळे पदवी घेऊन गेलेले.

कुटुंब, धर्म, नागरी समाजशास्त्र, आरोग्य हे वैकल्पिक पेपर कुठेही सरकवता येतात. ही साखळी सरकत नाही. म्हणून आधी साखळी कागदावर मांडली आणि उरलेल्या फटींत आवडीचे पेपर बसवले. बहुतेक जण आधी आवडीचे घेतात, ‘स्टॅट्स बघू नंतर.’ तुमच्या लेकीच्या वरच्या वर्गातल्या त्या मुलाचं असंच काहीसं झालं असणार.

*

चौकटीबाहेर

वरच्याला +१. फक्त एक भर : एकूण क्रेडिट (प्रत्येक पेपरमागे मिळणारे श्रेयांक) मोजून खूश होऊ नये. त्यात वरच्या पातळीची किती, स्वतःच्या विभागाची किती, हेही बघतात. माझ्या मैत्रिणीची क्रेडिट गरजेपेक्षा जास्त होती, तरी पदवी अडली, कारण जास्तीची सगळी पहिल्या वर्षाच्या पातळीची.

*

आकड्यांचं वावडं

मी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून समाजशास्त्राला आलेली. सांख्यिकी शक्य तितकी पुढे ढकलायचा विचार होता, पण एका सीनियर ताईने बजावलं की ती दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच घे, आणि त्या सेमिस्टरला सोबत वाचनाचा जड पेपर घेऊ नकोस. ऐकलं.

सरांनी सॉफ्टवेअर उघडूच दिलं नाही. वर्गातल्यांनाच दोन प्रश्न विचारले, दोन ओळी आणि दोन रकाने असा तक्ता केला आणि काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, ते तपासणारी) हाताने करायला लावली. प्रत्येक घरातली अपेक्षित संख्या म्हणजे ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज, भागिले एकूण संख्या. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतल्या फरकाचा वर्ग करा, अपेक्षितने भागा, चारही घरांची बेरीज करा. ती ३.८४ च्या वर गेली तर पाच टक्के पातळीला दोन गोष्टींचा संबंध मानायचा. आमची बेरीज त्याच्या खालीच राहिली आणि वर्ग हिरमुसला, कारण संबंध आहे यावर सगळ्यांनी पैज लावली होती!

पुढच्या सेमिस्टरला संशोधनपद्धतीत लोक ‘गृहीतक म्हणजे नक्की काय’ इथे अडखळत होते, तेव्हा मला तो तक्ता आठवायचा. शिवाय सिद्धांताच्या पेपरात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम आला. त्याचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास म्हणजे दरांचीच तुलना : प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक, विवाहित आणि अविवाहित. बाकीच्यांना ती पानं रुक्ष वाटली, मला मात्र तिथेच दुर्खीम कळला.

*

वाचनालयवासी

मी मात्र सिद्धांताचं वेगळं सांगेन. मार्क्स, वेबर, दुर्खीम यांचा पेपर आणि विसाव्या शतकातले सिद्धांत हा पेपर एकाच सेमिस्टरला घ्यायची मुभा होती. मी घेतली नाही, मित्राने घेतली. दोन्ही पेपरांचे निबंध एकाच आठवड्यात द्यायचे असल्यामुळे त्याने दोन्ही कसेबसे उरकले. नापास झाला नाही, पण लघुप्रबंधाला गाईड शोधताना ते गुण आडवे आले. एका सेमिस्टरला एक वाचनाचा, एक आकड्यांचा, एक प्रत्यक्ष कामाचा, असं मिश्रण बरं पडतं.

*

अर्धवेळ

माझी पदवी युरोपातली. तिथे पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट, तीन वर्षांची १८०, आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास काम धरतात. म्हणजे सेमिस्टरची ३० क्रेडिट घेतली की ७५० ते ९०० तास झाले. वीस आठवड्यांत भागा : आठवड्याला ४० तासांच्या आसपास. ही अख्खी नोकरीच झाली, आणि मला वेगळी नोकरी करणं भाग होतं.

म्हणून मी पहिल्याच महिन्यात चार वर्षांचा आराखडा करून सल्लागाराकडून मान्य करून घेतला. साखळीतले पेपर वेळच्या वेळी, कपात फक्त वैकल्पिक पेपरांत. त्यामुळे एक वर्ष जास्त लागलं, पण कुठे अडकून बसावं लागलं नाही. शिष्यवृत्ती असेल तर मात्र दर सेमिस्टरला किमान किती क्रेडिट हवीत ते आधी वाचा, कमी घेतली की ती बंद होऊ शकते.

*

वळणावरून आलेला

मी कॉमर्स सोडून समाजशास्त्रात आलो. आधीची सांख्यिकी इथे चालेल, असं विभागात तोंडी सांगितलं गेलं. वर्षभराने माणसं बदलली आणि नवीन माणसांनी कानावर हात ठेवले. सुदैवाने जुन्या पेपरचा अभ्यासक्रम आणि गुणपत्रिका जपून ठेवली होती, ती जोडून लेखी अर्ज केला तेव्हा सूट मिळाली, तीही बऱ्याच खेटांनंतर. तोंडी होकाराच्या दिवशीच ‘आपण असं म्हणालात’ एवढा ईमेल टाकायचा. एक्स्चेंजला जाणार असाल तर तिथले कुठले पेपर इथे कशाच्या बदल्यात धरणार, यावर जायच्या आधी सही घ्या. परतल्यावर सगळे फार व्यस्त असतात.

*

टेबलाच्या पलीकडून

मी हा विषय शिकवते, म्हणून आतली बाजू सांगते. माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक पेपर दरवर्षी होतोच असं नाही. विद्यार्थी कमी आले की वैकल्पिक पेपर रद्द होतो, शिक्षक संशोधनरजेवर गेले की वर्षभर थांबतो. पुढच्या वर्षी काय होणार याचा अंदाज विभागाला बराच आधी असतो. फक्त कोणी येऊन विचारत नाही. प्रत्येक वैकल्पिक पेपरला एक पर्याय ठरवून ठेवावा.

आणि लघुप्रबंध. मुलं विषय निवडताना पुढे किती वेळ लागेल ते बघत नाहीत. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर बहुतेक ठिकाणी नीतिसमितीची मंजुरी लागते. अठराखालची मुलं असतील तर पालकांची संमतीही. प्रश्नावली दुरुस्तीसाठी परत आली की पुन्हा पुढच्या बैठकीची वाट. त्यानंतर तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात. मुलाखतीच करायच्या असतील तर अर्ज आदल्या सेमिस्टरच्या अखेरीला तयार हवा.

ते जमणार नसेल तर उपलब्ध माहितीवर काम करावं. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे ही लोकांच्या मूल्यांची पाहणी १९८१ पासून चालू आहे, अनेक देशांतली माहिती फुकट उतरवून घेता येते. माझ्या एका विद्यार्थिनीने मंजुरी लांबते आहे असं दिसताच विषय तोच ठेवला आणि मुलाखती सोडून ही माहिती घेतली. परीक्षकांनी काही कमी लेखलं नाही.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! काल रात्री लेकीला बसवून साखळी काढली. तिच्याकडेही सांख्यिकी वर्षातून एकदाच आहे, आणि तिने त्या जागी ‘चित्रपट आणि समाज’ धरला होता. थोडी कुरकुर झाली, पण खोडला. एक शंका : सुट्टीतल्या सत्रात सांख्यिकी आणि संशोधनपद्धती दोन्ही उरकता येतात असं तिथे लिहिलंय. घ्यावं का?

*

आकड्यांचं वावडं

सांख्यिकी घ्या. रोज वर्ग असला की उलट सूत्रं डोक्यात राहतात. संशोधनपद्धती नको.

*

टेबलाच्या पलीकडून

सहमत. संशोधनपद्धतीत प्रश्नावली करून, चार लोकांवर वापरून, फसलेले प्रश्न बदलावे लागतात. सुट्टीच्या सत्रात तेवढी उसंत नसते. शिवाय लघुप्रबंधासाठी गाईड बहुधा त्याच वर्गात भेटतो, आणि सुट्टीत शिकवायला बरेचदा बाहेरचे शिक्षक येतात. सांख्यिकी घेतानाही तिची क्रेडिट मुख्य विषयात धरणार की नुसती वैकल्पिक म्हणून, ते फी भरायच्या आधी कार्यालयातून लेखी घ्या.