सी-1ची नोटीस लागली तरी घर न सोडणारे: हट्ट की नाइलाज?

घोडबंदरकर:
पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायचीच. माझ्या मावशीची किसननगरची इमारत यंदा सी-1मध्ये आहे. जिन्यात नोटीस चिकटवली, तरी मंडळी ढिम्म. ऑगस्ट 2015 मध्ये नौपाड्यात बी केबिनजवळची इमारत रात्री झोपेत बसली, 12 माणसं गेली. समजूत घालत बसू नका, पोलीस लावून बाहेर काढा असं माझं मत आहे.

नंबर दोनवाला:
काढा, आणि ठेवता कुठे? धोका आम्हाला यादीतून कळत नाही. इमारतीची मजबुती तपासणाऱ्या ऑडिटवाल्याने आमच्या बीमच्या तड्यावर काचेची पट्टी बसवली. म्हणाला, ही फुटली तर तडा वाढतोय समजा. तेराव्या दिवशी फुटली. पोराने तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत, कुणाला दाखवायला देव जाणे. 180 फुटांत सात जण राहतो. थोरला नाइटला जातो म्हणून बाकीच्यांना रात्री पाठ टेकता येते. बायको आसपासच्या घरांना पोळ्या करून देते, त्यावर किराणा निघतो. वर्तकनगरच्या रेंटलमध्ये, म्हणजे घर सोडणाऱ्यांना तात्पुरतं ठेवतात त्या सरकारी भाड्याच्या इमारतींत, 160 फुटांची खोली असते, मान्य. पण तिथून इकडे पोळ्या कोण पोचवणार? शिवाय इमारत अनधिकृत. हातात नोटरीचा कागद आणि लाइट बिल. एकदा कुलूप लावून निघालो की क्लस्टरच्या, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्र पुनर्विकासाच्या वेळी आम्हाला ओळखणार कोण?

घोडबंदरकर:
म्हणजे पोळ्यांसाठी सात जीव टांगणीला? काच फुटल्यावरही राहता, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

पाचपाखाडी_72:
भावनेपेक्षा कागदाचं बोला. रिकामी करताना महापालिकेकडून आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून दाखला घ्यायचा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही. दाखला हातात पडला की निघा.

भाडोत्री:
तुमचं सगळं मालक नि पागडीवाल्यांचं चाललंय. मी 11 महिन्यांच्या करारावर. माझ्या नावाचा दाखला कोण काढणार? मार्चमध्ये 50 हजार डिपॉझिट भरलं, इमारत यादीत आहे हे जूनमध्ये जिन्यातल्या कागदावरून कळलं. मालक म्हणतो, नवीन भाडेकरू आला की डिपॉझिट देतो. पाडायच्या इमारतीत नवीन भाडेकरू!

घोडबंदरकर:
हे मात्र डोक्यात नव्हतं. मावशीच्या मजल्यावरही दोन भाडेकरू आहेत.

नंबर दोनवाला:
पाचपाखाडी साहेब, मोजणारा येऊन गेला. पोटमाळा धरला नाही त्याने. त्यावर तिघं झोपतात. पोरांना कालच दिव्याला मेहुणीकडे पाठवलंय. तिचीही इमारत अनधिकृतच, पण नवी आहे.

पाचपाखाडी_72:
नवी? एप्रिल 2013 मध्ये शीळफाट्याची पडली ती नवीच होती हो. बांधकाम चालू असतानाच पडली, 74 गेले.

नंबर दोनवाला:
ठाऊक आहे. दिव्यातलं भाडं साडेचार हजार आहे.